हॅलोबाईंची समुद्रकाकडी

हॅलोबाईंना खऱ्या नावानं हाक मारणारं आता इमारतीत कुणी उरलं नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही सुखदुःखही नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून काढली. कोण कुणाशी बोलतं, कुणाचं कुणाशी फाटलं, कुणाच्या घरी पाळणा हलणार, हे साऱ्या शहराच्या आधी त्यांना कळे. पुढे एक्स्चेंजला कुलूप लागलं, माणसांच्या खिशाखिशात फोन आले, पण बाईंची सवय सुटली नाही. इकडचं तिकडे जोडून दिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. आवाजही अजून तसाच खणखणीत. दुसऱ्या मजल्यावरून त्यांनी "हॅलो" म्हटलं की रस्त्यावरचा अनोळखी सायकलवाला ब्रेक दाबी.

अशा बाईंचं एकच दुखणं होतं, ते म्हणजे लेक.

लेक गुणी होती, त्याबद्दल दुमत नाही. दारावरच्या पाटीवर तिच्या नावाआधी "डॉ." लागलं तेव्हा बाई येता-जाता ती पाटी पदरानं पुसत. पण पाटी पाहून शेजारी कुणी घसा, कुणी पाठ, कुणी पायाचा अंगठा दाखवायला येऊ लागले, आणि लेक प्रत्येकाला शांतपणे सांगू लागली, "मी त्यातली डॉक्टर नाही हो."

"मग कशातली?"

"समुद्रकाकडीतली."

यावर समोरचा माणूस आ वासलेला असे, तो तसाच घरी जाई.

बाईंनी एकदा प्रयोगशाळेत जाऊन ती समुद्रकाकडी पाहिलीही होती. काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्याच्या तळाशी, एखाद्यानं लोड भिजत घालावा आणि विसरून जावं तसं ते ध्यान पडलं होतं. ना डोळे, ना नाक, ना शेपूट. वाळू खायची आणि वाळूच टाकायची, एवढाच त्याचा संसार. "ह्याच्यासाठी तू एवढी शिकलीस?" असं बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, आणि लेकीनं महिनाभर त्यांना पुन्हा तिकडे नेलं नव्हतं.

आता लोकांना सांगायचं काय? समोरच्या बिऱ्हाडातली मुलगी विमान चालवायची. वरच्या मजल्यावरचा जावई पूल बांधायचा. त्यांच्यात बाईंनी काकडी घेऊन कुठे बसायचं?

एका संध्याकाळी जेवताना बाईंनी सरळच विचारलं, "बबी, खरं सांग. त्या लोडाचा माणसाला उपयोग काय?"

बबी म्हणजे लेक. चाळिशीला टेकली तरी घरात ती बबीच होती. तिनं घास हातात ठेवला. आईनं आपल्या कामाबद्दल आपणहून विचारावं, हा योग दुर्मीळ होता, त्यामुळे ती रंगात आली.

"दोन गोष्टी आहेत, आई. एक म्हणजे तिच्या कातडीत साबणासारखं द्रव्य असतं. रिठ्याला येतो ना, तसा फेस येतो त्याला. कुणी छळलं की ती ते पाण्यात सोडते, आजूबाजूचे मासे गार. तेच द्रव्य आम्ही कॅन्सरच्या पेशींवर टाकलं, तर त्यांना भोकं पडली. पण हे सगळं काचेच्या बशीत, हं. शिवाय ते चांगल्या पेशींनाही तशीच भोकं पाडतं. रक्ताच्या तांबड्या पेशी तर फटाफट फुटतात. हीच तर पंचाईत आहे."

"बरं. आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे तिच्या अंगाच्या भिंतीतली एक साखर. चहातली नव्हे. लांबच लांब साखळी असते. ती वेगळी काढून, शुद्ध करून उंदराला टोचली तर त्याचं रक्त लवकर गोठत नाही. पोटातून दिली तर तिचं काय होतं, हे अजून कुणालाच धड ठाऊक नाही. कदाचित पुढेमागे तिचं औषध होईल. कदाचित होणारही नाही."

बाईंनी सगळं कान देऊन ऐकलं. पण ऑपरेटरच्या कानाला एक खोड असते. तारेवर खरखर येतच असते; ती गाळायची आणि कामाचं तेवढं पुढे जोडायचं. बाईंच्या कानानं आपलं काम चोख केलं. "बशीत", "उंदराला", "अजून", "कदाचित" ही सगळी खरखर गळून गेली आणि सकाळी दूध घ्यायला दार उघडेपर्यंत बातमी तयार झाली: समुद्रकाकडीनं कॅन्सरच्या पेशी मरतात, रक्त पातळ होतं, आणि हे शोधलं कुणी, तर आमच्या बबीनं.

बातमीनं चांगलंच बाळसं धरलं. तळमजल्यावरचे गणिताचे मास्तर साध्या काकडीला मीठ चोळून खाऊ लागले. "समुद्रात तरी दुसरं काय असतं? पाणी आणि मीठ," असं त्यांचं गणित होतं. भाजीवाल्यानं काकड्या पुढच्या टोपलीत आणून ठेवल्या. आणि बाईंकडे लोक "काय म्हणते तुमची लेक?" असं विचारून, मुख्य म्हणजे, उत्तर ऐकायला थांबू लागले.

पण बाईंना जिथे ही बातमी सगळ्यात आधी पोचवायची होती, ती जागा वेगळी होती. रस्त्यापलीकडे घड्याळजींचं दुकान होतं. दुकान कसलं, भिंतीतली कपारच. आत एक माणूस, एक टेबल, एक दिवा, आणि चारी बाजूंना आपापली वेळ दाखवत बसलेली घड्याळं. कुणी आत डोकावून "किती वाजले?" असं विचारलं की घड्याळजी डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणत, "इथली वेळ दुरुस्तीला आलेली आहे. खरी बाहेर विचारा."

बायको जाऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. मधे हृदयाची झडप खराब झाली, तेव्हा डॉक्टरांनी छाती उघडून तिथे धातूची झडप बसवली. दुकान शांत असलं आणि जवळ बसलं, तर ती ऐकू येई. घड्याळजी म्हणत, "एवढं एकच घड्याळ मी स्वतः उघडलं नाही." त्या झडपेवर रक्ताची गुठळी बसू नये म्हणून त्यांना रोज रक्त पातळ करणारी गोळी घ्यावी लागे. मधूनमधून सुई टोचून तपासणी, आणि पालेभाजी बेताची, कारण पालेभाजी गोळीच्या कामात मोडता घालते. सुई त्यांना चाले. पालेभाजीचं मात्र ते एखाद्या मेलेल्या मित्रासारखं नाव काढत.

बाई त्यांच्याकडे वरचेवर एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन जात.

"ह्याला काही झालेलं नाही, हॅलोबाई."

"मग थांबतं का?"

"तुम्ही सेल काढून आणता म्हणून."

असं त्यांचं चाले. तर बातमी तयार झाली त्याच दिवशी बाईंनी घड्याळ टेबलावर ठेवलं, स्टुलावर बसल्या आणि समुद्रकाकडीची कथा साग्रसंगीत सांगितली. घड्याळजींनी भिंग काढलं. हे नवीन होतं. एरवी बाई बोलायच्या तेव्हा ते एक कान बाईंना आणि दोन्ही डोळे कामाला देत.

"रक्त पातळ होतं म्हणता?"

"पाण्यासारखं!"

"मग माझ्यासारख्याला गोळीची गरजच नाही की."

इथे बाईंना थांबता आलं असतं. पण भिंग काढलेला माणूस समोर होता, त्याचे दोन्ही डोळे आपल्यावर होते, आणि ते डोळे चांगले होते. बाई म्हणून गेल्या, "गोळीची काय बिशाद!"

नंतर बाई ते विसरल्याही. घड्याळजी विसरले नाहीत. त्यांचा पुतण्या बोटीवर नोकरीला होता. काही देशांत समुद्रकाकडी वाळवून खातात, हे त्याला माहीत होतं. काकांनी निरोप धाडला तसं त्यानं एक पाकीट पाठवून दिलं.

पुढच्या खेपेला बाई दुकानात गेल्या, तर टेबलावर, बारीक चिमटे आणि स्क्रूच्या डब्यांशेजारी, काचेची बरणी. आत काळपट भुकटी.

"ही काय तपकीर सुरू केलीत?"

"तुमच्या लेकीचं औषध," घड्याळजी ऐटीत म्हणाले. "वाळकी काकडी बुटाच्या टाचेसारखी येते. कॉफीच्या यंत्रात दळली. यंत्र गेलं, पण भुकटी झाली. सकाळी एक चमचा, रात्री एक चमचा. गोळ्या दिल्या ठेवून कपाटात. आणि पालेभाजी, हॅलोबाई! आठवडाभर नुसती पालेभाजी चालली आहे. जन्म सार्थकी लागला."

बाईंना काय आनंद झाला म्हणून सांगावा! आपला शब्द एखाद्यानं इतका मनावर घेतला, हे त्यांच्या आयुष्यात फारसं घडलेलं नव्हतं. त्यांचे स्वर्गवासी यजमानदेखील "हं" म्हणत आणि वर्तमानपत्राचं पान उलटत. रस्ता ओलांडून घरी येईपर्यंत त्या गुणगुणत होत्या.

लेक लवकर आली होती. ताटं वाढता वाढता बाईंनी खुशखबर दिली. "बघ, तू नुसती उंदरांत रमलीस. घड्याळजींना गुण आला सुद्धा!"

लेकीनं वाटी खाली ठेवली. "कसला गुण?"

बाईंनी सांगितलं. भुकटी, चमचा, पालेभाजी.

"आणि गोळ्या?"

"बंद. आठवडा झाला."

लेकीचा चेहरा असा उतरला की बाईंच्या हातातला डाव भांड्यावरच राहिला.

"आई, त्यांच्या छातीत धातूची झडप आहे ना?"

"आहे. ऐकू येते."

"धातूवर रक्त गोठतं, आई. गोळी बंद केली की गुठळी धरू शकते. झडप अडकली तर माणूस जातो. गुठळी सुटून मेंदूत गेली तर लकवा. वर पालेभाजी खाल्ली म्हणजे उरलासुरला गोळीचा असरही गेला. कुणी सांगितलं त्यांना हे करायला?"

बाईंनी डाव भांड्यात सोडला. त्यांच्या कानात, इतक्या दिवसांनी, त्या संध्याकाळची सगळी गाळलेली खरखर एकदम परत आली. बशीत. उंदराला. पोटातून दिली तर काय होतं ठाऊक नाही. कदाचित.

"चप्पल घाल," लेक म्हणाली. उत्तर तिला मिळालं होतं.

दुकानाचं अर्धं शटर ओढलेलं होतं. आत घड्याळजी चहा पीत बसले होते. मायलेकींना एकदम पाहून त्यांनी बरणी जवळ ओढली. "परत घ्यायला आलात की काय? डॉक्टरीणबाई, हे तुमचंच. पण आता देणार नाही."

लेकीनं त्यांना समजावलं. शास्त्रज्ञानं समजवावं तसं समजावलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

"काका, गोळी बंद केल्यानं गुठळीची शक्यता वाढते."

"किती?"

"तुमच्या बाबतीत नेमकं नाही सांगता येणार."

"म्हणजे होईलच असं नाही?"

"होईलच असं नाही, पण..."

"आणि ही भुकटी? हिनं फायदा नाही हे तरी नक्की?"

"ते कुणी तपासलेलंच नाही, काका. भुकटीत ती साखर किती, पोटातून ती रक्तात पोचते का, काहीच ठाऊक नाही."

"बघा!" घड्याळजी खुशीत म्हणाले. "तुम्हाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मला झकास वाटतंय. डॉक्टरांचं सोमवारी बघू."

लेकीनं हताश होऊन आईकडे पाहिलं. तिच्या जिभेवर खोटं येतच नव्हतं आणि खऱ्याला धार नव्हती.

बाई मात्र ऐकतच नव्हत्या. त्या बघत होत्या. घड्याळजींचा उजवा हात मांडीवर पडून होता आणि कप डाव्या हातात होता. वर्षानुवर्षं ह्या माणसाला त्यांनी चहा पिताना पाहिलं होतं. डाव्या हातात कप कधी नव्हता.

"घड्याळजी, चहा डाव्या हातानं का पिताय?"

"हौस."

"उजवा दाखवा."

"अहो, जरा मुंग्या आल्या. दुपारी एक स्क्रू हातातून पडला. पडतात स्क्रू. थोडा वेळ बोटंच सापडेनात. आता आलीत परत. थोडी जड आहेत, एवढंच."

लेकीनं तोवर फोन काढलाच होता. ती दारात जाऊन भराभर कुणाशी तरी बोलू लागली. घड्याळजी कुरकुरले, "उगाच बाऊ करता. तुम्हीच तर म्हणालात, गोळीची काय बिशाद."

बाईंनी आयुष्यात खूप जणांची माफी मागितली होती: "क्षमा करा, लाइन व्यस्त आहे," "क्षमा करा, उत्तर येत नाही." ती सगळी तोंडपाठ होती. ही नव्हती. त्या स्टुलावर बसल्या, आणि त्यांचा तो प्रसिद्ध आवाज इतका खाली आला की घड्याळजींना पुढे वाकावं लागलं.

"तिनं तसं सांगितलंच नव्हतं. निम्मं मी गाळलं. उंदराचं होतं ते. बशीतलं होतं. गोळीबद्दल तर ती चकार शब्द बोलली नव्हती. ते माझं."

घड्याळजी त्यांच्याकडे बघत राहिले. "का पण?"

"तुम्ही ऐकत होता म्हणून."

घड्याळजींनी हळूच कप खाली ठेवला. मग बरणीला झाकण लावायला गेले. उजव्या हातानं ते काही नीट बसेना. बाईंनी लावलं.

"शटर जड जातं," ते म्हणाले. "जरा हात लावा."

टॅक्सीत तिघं दाटीवाटीनं बसली. हॉस्पिटलात लेकीनं आधीच कळवून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांना लगेच आत घेतलं. अर्ज लिहिणाऱ्या परिचारिकेनं बाईंकडे पेन रोखून विचारलं, "ह्या पेशंटच्या कोण?"

"माझ्या औषधवाल्या," घड्याळजी चाकांच्या खुर्चीतून म्हणाले. परिचारिकेनं ते तसंच लिहिलं की काय, कोण जाणे.

रक्त तपासलं. ते चारचौघांच्या रक्ताइतकंच दाट होतं. काकडीचा त्यावर काडीचाही असर दिसत नव्हता. मग छातीवर यंत्र फिरवून झडप पाहिली. एका पात्याच्या कडेला छोटीशी गुठळी धरली होती. तिचाच एखादा कण दुपारी सुटला असावा, असं हृदयाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ह्या खऱ्या डॉक्टरीणबाई, चष्मेवाल्या, फारच तरुण. मेंदूचा फोटो काढला, तो चांगला निघाला. लगेच शिरेतून औषध सुरू केलं. "आज आणलंत ते बरं केलंत," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यातला "आज" बाईंच्या कानानं गाळला नाही.

बाहेरच्या बाकावर मायलेकी बसून राहिल्या.

"आई, पाणी देऊ?"

"त्या बाटलीत काय आहे गं? त्यांना लावलंय ते."

"रक्त गोठू न देणारं औषध. डुकराच्या आतड्यातून काढतात."

बाईंनी मान वळवली. "थट्टा करतेस?"

"नाही गं. आमच्या काकडीतल्या साखरेची लांबची मावसबहीणच म्हण. हेसुद्धा सुरुवातीला कुठल्या तरी प्रयोगशाळेत, कुणाच्या तरी बशीत होतं. किती लोकांनी किती वर्षं घासली, तेव्हा कुठे आज शिरेतून देता येतं. किती द्यायचं, कधी थांबवायचं, जास्त झालं तर उतारा काय, सगळं ठाऊक आहे."

"आणि तुझ्या काकडीचं हे सगळं कधी ठाऊक होणार?"

"माझ्या हयातीत झालं तर नशीब."

"आणि नाहीच झालं तर?"

"तर पुढच्याला कळेल, ह्या वाटेनं जाऊ नकोस म्हणून. तेही काम असतं, आई." लेक आईजवळ सरकली. "तू माझ्याबद्दल लोकांना सांगतेस ना, ते मला आवडतं. लाज वाटते, पण आवडतं. फक्त सगळं सांगत जा."

"सगळं सांगितलं तर कोण ऐकणार गं?"

आपल्या व्याख्यानांना कितीजण येत, हे लेकीला माहीत होतं.

घड्याळजी हॉस्पिटलात राहिले तेवढे दिवस बाईंनी तिथे तळ ठोकला. गुठळी विरली, हात मोकळा झाला. बोटं पूर्वीसारखी चालतात का, हे बघायला घड्याळजींनी परिचारिकेचं मनगटी घड्याळ मागून उघडलं आणि जोडून परत दिलं; ते मग पाच मिनिटं पुढे जाऊ लागलं, पण त्याचा दोष त्यांनी हॉस्पिटलातल्या दिव्याला दिला. चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंनी पालेभाजीचं गाऱ्हाणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, खा की. एक दिवस टोपलीभर आणि चार दिवस काहीच नाही, असं नको. थोडी थोडी, पण नेमानं खा. आम्ही त्या हिशेबानं गोळी बसवतो. आधी विचारलं का नाहीत?" घड्याळजींनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी खिडकीकडे पाहिलं.

घरी आल्यावर बाईंनी एक अवघड काम हाती घेतलं. जिथे जिथे बातमी जोडली होती, तिथे तिथे जाऊन त्या ती दुरुस्त करू लागल्या. बातमी पसरवणं म्हणजे उतारावरून चेंडू सोडणं; ती गोळा करणं म्हणजे तोच चेंडू गुडघेदुखी घेऊन शोधणं. कुणी हसलं. कुणी म्हणालं, "आधी सांगत होता तेच बरं होतं." वरच्या मजल्यावरच्या पूलवाल्याच्या सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे शोध लागलाच नाही तर!" तेव्हा बाईंनी जिना चढून लागलेली धाप आवरली आणि ठणकावून सांगितलं, "लागला. पण शोध म्हणजे औषध नव्हे. बी पेरलं म्हणजे भात शिजला का?" हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की पुढच्या सगळ्या दारांवर ते ऐकवलं गेलं. फक्त गणिताचे मास्तर बधले नाहीत. मीठ लावलेल्या काकडीनं त्यांचं पोट साफ राहू लागलं होतं, आणि सिद्ध झालेली गोष्ट सोडून देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

त्या वर्षी प्रयोगशाळेनं लोकांसाठी दारं उघडी ठेवायचा एक दिवस ठरवला. दरवर्षी लेकीच्या टाकीपाशी दोन-चार जण येत, वास घेत आणि पुढच्या खोलीतल्या रंगीत माशांकडे पळत. यंदा लेक घरी येऊन म्हणाली, "आई, टाकीपाशी कुणीतरी बोलणारं हवंय. मला नाही जमत. लोक जांभया देतात."

"आणि मी काय बोलू?"

"मी सांगते ते. सगळं."

आठवडाभर जेवणाच्या टेबलावर बाईंची शिकवणी चालली. लेकीनं प्रयोगशाळेत नेऊन त्यांना रक्ताचा प्रयोगही करू दिला. एका नळीत किंचित मिठाच्या पाण्यात कालवलेलं रक्त, गढूळ लाल. त्यात काकडीच्या अर्काचे थेंब टाकायचे आणि हलवायचं. बघता बघता गढूळपणा जाई आणि नळी सरबतासारखी आरपार दिसू लागे. पेशी फुटल्या, की असंच. पहिल्यांदा ते पाहून बाईंनी नळी झटकन स्टँडवर ठेवली होती आणि पदराला हात पुसले होते. "आणि हे मी खायला सांगत होते," त्या म्हणाल्या. लेकीनं त्यांना थोपटलं.

त्या दिवशी टाकीपाशी गर्दी हटेना. बाईंचा आवाज माशांच्या खोलीपर्यंत जात होता आणि तिथली माणसं इकडे परतत होती. "या, पुढे या. घाबरू नका, तीच तुम्हाला घाबरते. फार छळलं तर आपली आतडी बाहेर टाकून देते आणि काही आठवड्यांत तिला नवी उगवतात. आपल्याला जमेल का? नाही. म्हणून आपण तिला छळायचं नाही आणि तिचं चूर्ण करून चघळायचंही नाही. ही नळी बघा..."

लेक खांबाआड उभी राहून ऐकत होती. एका ठिकाणी आईनं "उंदरांत, माणसांत नव्हे" हे इतक्या जोरात म्हटलं की तिला डोळे पुसावे लागले, आणि ते हसण्यानं की कशानं, हे तिचं तिलाही कळलं नाही.

रांगेतून घड्याळजी पुढे आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. टाकीत वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "बाई, एक शंका आहे. ही लग्न वगैरे करते का?"

मागची माणसं हसली. बाईंनी त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "नाही. नर आणि मादी आपापलं बीज पाण्यात सोडून देतात. भेट झाली तर झाली."

"म्हणजे सगळा भरवसा पाण्यावर?"

"पाण्यावर."

"आणि म्हातारपणी?"

"म्हातारपणी शंका विचारत नाही. सरका पुढे, मागे माणसं खोळंबलीत."

"सरकतो," घड्याळजी म्हणाले आणि सरकले. बाईंनी नवी नळी हातात घेतली, घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मधेच त्यांची नजर दाराकडे गेली. घड्याळजी माशांकडे गेले नव्हते. बाहेरून वळसा घालून ते रांगेच्या शेपटीला परत उभे राहिले होते, आणि पुढच्या गृहस्थांना काहीतरी समजावून सांगत होते. बाईंनी आवाज थोडा चढवला.